चावा परत घेऊ नका : मराठी झॉम्बीपट लिहिणाऱ्यांना खुलं पत्र

प्रिय पटकथालेखक मित्रमैत्रिणींनो, आणि त्यांच्या पटकथांवर पैसे लावणाऱ्या निर्मात्यांनो,

स.न.वि.वि.

तुमचे झॉम्बी धावत येऊ देत किंवा पाय ओढत येऊ देत. त्यांना अंधारात दिसू दे, नाहीतर न दिसू दे. साथ नळाच्या पाण्यातून पसरू दे, नाहीतर लग्नाच्या पंगतीतल्या मठ्ठ्यातून. माझी कशालाच हरकत नाही. मागणी एकच आहे: पात्राला एकदा चावा बसला की तो शेवटच्या दहा पानांत परत घेऊ नका.

पटकथा वाचून लेखी अभिप्राय देणं हा माझ्या कामाचा भाग आहे आणि अलीकडे माझ्याकडे येणाऱ्या मराठी पटकथांत झॉम्बींची वर्दळ वाढली आहे. सुरुवात बहुतेकांना जमते. दूधवाला येत नाही. वॉचमन केबिनमध्ये पाठमोरा बसलेला असतो. लिफ्टचं दार चौथ्या मजल्यावर आपटत राहतं, मधे काहीतरी अडकलंय म्हणून. मध्यंतरापर्यंत मी पेन बाजूला ठेवून वाचते. मग ऐंशीव्या पानाच्या आसपास कुणीतरी कुपी घेऊन येतं. कधी कंपनीतून पळालेली शास्त्रज्ञ, कधी वैद्यकीचं जुनं बाड सांभाळून बसलेले आजोबा. ड्रोननं फवारणी होते, झॉम्बी जागच्या जागी कोसळतात आणि डोळे चोळत उठतात. नायकाची चावलेली धाकटी बहीण “दादा, मी कुठे आहे?” विचारते. पुढच्या दृश्यात सोसायटीत सत्यनारायण.

मग तळमजल्यावरच्या जोशीकाकांचं काय, ज्यांच्या डोक्यात नायकानं मध्यंतराच्या आधी मुसळ घातलं होतं? इस्त्रीवाल्याचं काय, ज्याला गच्चीवरून ढकलताना थिएटरात शिट्ट्या पडाव्यात अशी तुमची अपेक्षा होती? तेही बरे होणारे होते ना? म्हणजे नायकानं दीड तास आजारी माणसं मारली. एका तरी पटकथेत कुणी हा हिशेब मागावा! नाही मागत. कुपी आली की सगळे खूश.

असं का होतं यावर मी बराच विचार केला आहे आणि माझा संशय आपल्या भुतांवर आहे. आपण सगळे भुतांच्या गोष्टींवर वाढलो. मराठी भुताला नाव-गाव असतं, पत्ता असतो, गाऱ्हाणं असतं. मुंजाची सोडमुंज राहिलेली असते. बाळंतपणात गेलेल्या बाईचं लेकरू मागे राहिलेलं असतं. कोकणातला देवचार आपल्या हद्दीत फिरतो आणि त्याचा ठरलेला मान त्याला पोचला की कुणाच्या वाटेला जात नाही. भुताला काहीतरी हवं असतं, ते दिलं की ते सुटतं आणि आपणही सुटतो. त्यामुळे गोष्टीच्या शेवटी एक जाणता माणूस आणि एक उतारा लागतो हे आपल्या हाताला इतकं सवयीचं झालंय की झॉम्बी लिहायला बसलो तरी हात तिकडेच वळतो. झॉम्बीला मात्र काहीही नको असतं. तो नवस ऐकत नाही, नारळ घेत नाही. त्याच्या मनात तुमच्याबद्दल राग नसतो, कारण मनच नसतं. कालपर्यंत वहिनी म्हणून हाक मारणारा शेजारी आज कसलाही आकस न ठेवता चावायला येतो, यातच या प्रकाराची सगळी भीती आहे. त्याला उतारा दिलात की तुम्ही झॉम्बीचं भूत करून टाकता. आणि भुतं आपल्याकडे झॉम्बीपेक्षा कितीतरी चांगली आहेत, त्यांच्यावरच लिहा की मग.

हे पहिल्यापासून असं नव्हतं, हेही सांगायला हवं. आधी झॉम्बीलाही मालक होता. हैतीच्या लोकसमजुतीतला झॉम्बी कुणाला चावत नव्हता. मेलेल्या माणसाला उठवून पुन्हा शेतात राबायला लावतात, ही तिथली भीती. फ्रेंचांच्या उसाच्या मळ्यांत जिथे गुलामांच्या पिढ्या खपल्या, तिथे मेल्यावरही कामातून सुटका नाही याहून भयंकर काय सुचणार? अशा झॉम्बीला मीठ चाखायला मिळालं तर आपण मेलोय हे त्याला उमगतं आणि तो आपल्या थडग्याकडे परत जातो, असंही तिथे मानतात. अमेरिकेनं १९१५ ते १९३४ या काळात हैती ताब्यात ठेवलं होतं. त्याच काळात, १९२९ साली, विल्यम सीब्रुकचं हैतीवरचं पुस्तक आलं आणि हा राबणारा मुडदा अमेरिकी वाचकांच्या घरात पोचला. १९३२ साली ‘व्हाइट झॉम्बी’ आला. त्यात बेला लुगोसी हा नट साखरेच्या कारखान्याचा मालक झाला आहे. कारखान्यातलं एक दृश्य तुम्ही जरूर पाहा. मोठा लाकडी चरक, तो गोल गोल ढकलणारे मुडदे, करकर असा एकसुरी आवाज. वरच्या पायवाटेवरून टोपलीतला ऊस ओतणारी रांग चाललेली. त्यातला एक तोल जाऊन खाली घाण्यात पडतो. कुणी थांबत नाही, वळून बघत नाही. करकर तशीच चालू राहते.

ऊसतोड कामगारांच्या टोळ्या दर हंगामाला ज्या राज्यात जिल्हे ओलांडतात, तिथल्या एकाही लेखकाला हे दृश्य आपलंसं करावंसं वाटू नये, याचं मला नवल वाटतं. असो.

मुद्दा असा की ‘व्हाइट झॉम्बी’त सुटका आहे. मालक मरतो आणि नायिका भानावर येते. ते बरोबरच आहे, तिच्यावर दुसऱ्या कुणाचा ताबा होता. १९६८ साली पिट्सबर्गच्या आसपास जॉर्ज रोमेरो आणि त्याच्या मित्रांनी सव्वा लाख डॉलरच्याही आत ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ केला आणि हा मालकच काढून टाकला. मुडदे उठले, पण कुणाच्या हुकमानं नाही. शुक्राहून परतलेल्या यानातून काही किरणोत्सर्ग आला असावा, असं टीव्हीवरचे लोक बोलतात, आणि ते तेवढंच राहतं. मालक नाही म्हणजे मारायला खलनायक नाही, आणि खलनायक नाही म्हणजे त्याच्या खिशात किल्लीही नाही. आज आपण झॉम्बीपटाचे नियम म्हणून जे धरतो, ते बहुतेक या एका चित्रपटातून आले: मुडदे माणसं खातात, ज्यांना चावतात ते मरून उठतात, आणि थांबवायचं तर मेंदूवर घाव घालावा लागतो. गंमत म्हणजे झॉम्बी हा शब्द त्यात कुणी उच्चारतही नाही. मेंदू खाणारा झॉम्बी तर खूप नंतरचा, १९८५ च्या ‘द रिटर्न ऑफ द लिव्हिंग डेड’ या विनोदी चित्रपटातला. तुमच्या पटकथांत तो रोमेरोच्या नावावर खपवलेला दिसतो, तेवढं दुरुस्त करून घ्या.

हे नियम जगभर पसरले त्यामागे एक कारकुनी चूक आहे. चित्रपटाचं आधीचं नाव वेगळं होतं. वितरकानं ते बदललं आणि नव्या नावाची पाटी करताना जुन्या पाटीवरची कॉपीराइटची ओळ घालायची राहून गेली. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात ती ओळ नसेल तर हक्कच राहत नसे. चित्रपट प्रदर्शित होताक्षणी सर्वांचा झाला. रोमेरोचं नुकसान झालं ते झालं, पण त्याचे मुडदे कुणालाही फुकट वापरता आले. तुम्हालाही येतात. फुकट मिळालेल्या वस्तूचं मोल कळत नाही म्हणतात, ते इथे अगदी लागू आहे.

त्या चित्रपटातला चावा कसा वापरलाय बघा. शेतावरच्या एका घरात सात माणसं अडकली आहेत. खाली तळघरात हॅरी आणि हेलन कूपर हे नवरा-बायको आणि त्यांची आजारी मुलगी कॅरन. मुलीला चावलंय. ती बहुतेक वेळ नुसती पडून असते. वर बेन आणि हॅरी कूपर यांचं कडाक्याचं भांडण चालू: बेन म्हणतो खिडक्यांना फळ्या ठोकून वरच राहू, हॅरी म्हणतो तळघरात जाऊन दार लावून घेऊ. आपण सगळे बेनच्या बाजूनं, कारण हॅरी भित्रा आणि चिडका आहे. शेवटी ती मुलगी उठते, बापाला खाते आणि गवंड्याच्या थापीनं आईला मारते. आई मागे सरकते, पण हात उचलत नाही. आणि बेन वाचतो तो कुठे? तळघरात. हॅरीचंच म्हणणं खरं ठरतं, तेही हॅरी मेल्यावर. सकाळी बंदूकधाऱ्यांची टोळी येते, खिडकीत बेनची हालचाल दिसते, आणि मुडदा समजून लांबूनच त्याला गोळी घालतात. बेनचं काम ड्वेन जोन्स या कृष्णवर्णीय नटानं केलं होतं. १९६८ सालच्या अमेरिकेत गोऱ्यांच्या टोळीनं त्याला गोळी घालून आकड्यांनी ओढत सरणाकडे नेणं कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

आता या गोष्टीत ऐंशीव्या पानावर कुपी आणून बघा. काय उरतं?

चावल्यापासून उठेपर्यंत किती वेळ लागतो, हा तुमच्या पटकथेतला सर्वांत मोठा निर्णय आहे आणि बहुतेक जण तो घेतच नाहीत. पान बारावर वॉचमन मिनिटभरात उलटतो आणि पान सत्तरवर नायिकेचा भाऊ दोन दिवस ताप काढतो. हे चालत नाही. कोरियन ‘ट्रेन टू बुसान’मध्येही (२०१६) मुख्य पात्रांना इतरांहून थोडा जास्त वेळ मिळतो, पण दिग्दर्शक येऑन सांग-होनं त्या उसन्या मिनिटांची पुरेपूर वसुली केली आहे. बापाच्या हाताला चावा बसतो, तो मुलीला इंजिनात मागे ठेवतो, बाहेरच्या कठड्यापर्यंत जातो, आणि उलटण्याच्या त्या क्षणी त्याला आठवते नुकत्याच जन्मलेल्या मुलीला पहिल्यांदा हातात घेतल्याची वेळ. चेहऱ्यावर हसू असतानाच तो स्वतःला गाडीबाहेर सोडतो. या वेळाचा तुम्ही असा उपयोग करणार असाल तर घ्या हवा तेवढा.

वेळ कमी ठेवायची असेल तर ‘ट्वेंटी एट डेज लेटर’ (२००२) बघा. डॅनी बॉयलच्या त्या चित्रपटात माणसं मेलेली नाहीत, लागण झालेली आहेत, आणि लागण झाल्यावर हातात फार तर वीसेक सेकंद. सेलिना आपल्या सोबत्याच्या दंडावर जखम पाहते आणि क्षणाचाही विलंब न लावता कोयता चालवते. पुढे फ्रँक नावाचा एक गोड बाप आहे, टॅक्सी चालवणारा. मँचेस्टरजवळच्या नाक्यावर तो वैतागून वर बघतो. वर एक कावळा प्रेत टोचत बसलाय. रक्ताचा एक थेंब बरोबर फ्रँकच्या डोळ्यात पडतो. त्याला कळतं. तो मुलीला एवढंच सांगतो की माझं तुझ्यावर खूप प्रेम आहे, आणि लगेच तिला जवळ येऊ नको म्हणून ओरडायला लागतो. एका वाक्याचा निरोप, तोही अर्धा ढकलत. थेंब पडण्यात कुणाचीही चूक नाही, म्हणूनच तो प्रसंग सहन होत नाही.

जास्त वेळ हवी असेल तर रोमेरोचाच ‘डॉन ऑफ द डेड’ (१९७८). चार माणसं एका मॉलमध्ये लपलेली. दारांपुढे ट्रक आणून लावायचं काम चालू असताना रॉजरला मस्ती चढते, तो आपली अवजारांची पिशवी दुसऱ्या ट्रकमध्ये विसरतो, ती आणायला जातो आणि चावा खातो. मग तो दिवस दिवस झिजत जातो. मॉलमध्ये सगळं फुकट मिळतंय, फ्रिज आहेत, फरचे कोट आहेत, आणि रॉजर हातगाडीवर. मी परत न येण्याचा प्रयत्न करीन, असं तो पीटरला सांगतो. तो गेल्यावर पीटर हातात बंदूक घेऊन समोर बसून राहतो. टीव्हीवर तज्ज्ञ तावातावानं बोलताहेत. पांघरूण हळूहळू सरकतं. रॉजरनं खरंच प्रयत्न केला असणार, असं दर वेळी वाटतं.

उपायच दाखवू नका, असं माझं म्हणणं नाही. दाखवा, पण त्याची किंमत वसूल करा. ‘डे ऑफ द डेड’मध्ये (१९८५) मिगेलला हातावर चावा बसतो आणि सारा त्याचा हात कापून टाकते. तो वाचतो. पण तो आधीच मनानं खचलेला, त्यात हात गेलेला, आणि शेवटी तोच मुडद्यांना तळघरातल्या छावणीत आणून सोडतो. हा उपायच पुढच्या संकटाची सुरुवात आहे. तुमच्या कुपीनं पुढे काय बिघडतं, एवढं लिहिता आलं तर कुपी आनंदानं ठेवा.

आता आपल्या घरांविषयी. झॉम्बीपटातला घर लढवण्याचा प्रसंग अमेरिकी लाकडी घरांवर बेतलेला आहे: मोठ्या काचेच्या खिडक्या, फळ्या, हातोडा, कपाटातली बंदूक. मराठी पटकथांत नायक खिडकीला फळ्या ठोकायला लागला की मला हसू येतं. अहो, आपल्या फ्लॅटला आधीपासून लोखंडी ग्रिल आहे! झॉम्बी आत यायचा प्रश्नच नाही. आग लागली तर बाहेर पडायचं कसं, हा आपला प्रश्न आहे आणि तो कितीतरी जास्त भीतीदायक आहे. बंदूक तर कुणाकडेच नाही. आणि सेफ्टी डोअर कुणी का वापरत नाही? आतलं लाकडी दार उघडं, मधे लोखंडी जाळी, आणि पलीकडे समोरच्या काकू उभ्या. त्यांनी पदर मनगटावर घट्ट गुंडाळून घेतलाय. “मला काही झालेलं नाही गं, जिन्यात पडले फक्त.” त्यांचा नातू आधीच तुमच्याकडे आत खेळतोय. जाळी उघडायची की नाही? या एका दारावर वीस पानं निघतील. हातोडा लागणार नाही.

लोकलचंही तेच. ‘ट्रेन टू बुसान’मधला गाडीतला प्रसंग उचलून सीएसएमटी-कर्जत लोकलमध्ये ठेवलेला मी वाचलाय. तिथे डब्याडब्यांना मधली दारं आहेत, मुडद्यांना ती उघडता येत नाहीत, आणि समोर कुणी दिसलं नाही की ते शांत होतात. म्हणून तर ती गरोदर बाई दाराच्या काचेवर पाणी मारून वर्तमानपत्रं चिकटवते. आपल्या साध्या लोकलला धावताना दारं उघडीच असतात, आणि एसी लोकलचं दार उघडणं-मिटणं प्रवाशाच्या हातात नाही. बायकांच्या डब्याला आणि शेजारच्या डब्याला मधे बऱ्याच गाड्यांत नुसती जाळी असते. पलीकडचं सगळं दिसतं, ऐकू येतं, आणि करता काहीच येत नाही. नियम तिथून काढा.

एक इशारा देते. मुडदे थडग्यातून उठवायचा मोह टाळा. महाराष्ट्रात आणि गोव्यात पुरतात कोण, हे एकदा स्वतःला विचारा: मुसलमान, ख्रिस्ती, लिंगायत, आणखी काही समाज, आणि बहुतेक सगळ्यांचीच तान्ही बाळं. जमिनीतून हात वर आला रे आला की तुमचा झॉम्बी एका धर्माचा होऊन बसतो, तुमच्या मनात असो वा नसो. नायकाच्या मागे कोयते घेतलेला जमाव दाखवलात तर ते दृश्य झॉम्बीपटाचं राहत नाही, ते उद्या कुणाच्या तरी फोनवर वेगळ्याच मथळ्यानं फिरतं. लागणीचा मार्ग घ्या, तो सगळ्यांना सारखा लागू पडतो.

‘झोंबिवली’नं (२०२२) हे शहाणपण दाखवलं, याचं श्रेय आदित्य सरपोतदार आणि त्यांच्या लेखकांना द्यायलाच हवं. पाण्यातून आलेलं संकट, एकीकडे टॉवर आणि दुसरीकडे वस्ती, आणि गाव डोंबिवली, जिथे रासायनिक प्रदूषणानं रस्ता गुलाबी झाल्याची बातमी २०२० साली आपण वर्तमानपत्रात वाचली होती. तिथे झॉम्बी आयात केल्यासारखा वाटत नाही. गोव्यातल्या बेटावरचा ‘गो गोवा गॉन’ (२०१३) मला त्यामानानं पाहुण्यांचा चित्रपट वाटतो. त्यातले सगळे बाहेरून आलेले, गोव्याचा माणूस शोधावा लागतो. पण मजा भरपूर आहे, आणि विनोदी झॉम्बीपटालाही चाव्याचा नियम सुटत नाही हे ब्रिटिश ‘शॉन ऑफ द डेड’नं (२००४) आधीच दाखवून ठेवलंय. तासभर हसवून झाल्यावर कळतं की शॉनच्या आईला मघाशीच चावलंय. तिनं सांगितलं नाही, उगाच सगळ्यांना त्रास कशाला म्हणून. अशी आई मराठी लेखकाला सुचू नये? ती तर आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे.

लपवलेला चावा हा या प्रकारातला सर्वांत सच्चा संकेत आहे असं माझं मत आहे, आणि तो आपल्याला हॉलिवूडकडून घ्यायची गरज नाही. मार्च २०२० आठवा. घरी विलगीकरणात राहायला सांगितलेल्यांच्या डाव्या हातावर राज्य सरकारनं शाईचे शिक्के मारले होते. ते शिक्के घेऊन गाडीत बसलेल्या प्रवाशांना पालघरला उतरवलं गेलं. त्या डब्यातली माणसं एकमेकांच्या हातांकडे कशी बघत असतील! शिक्का असलेल्याला फक्त आपल्या घरी पोचायचं होतं आणि इतरांना तो नजरेसमोर नको होता. दोघंही आपापल्या जागी बरोबर. कसलाही मेकअप न करता हे दृश्य उभं राहतं.

त्याच्याही मागे जायचं असेल तर १८९७ चं पुणं आहे. त्या वर्षी केलेला साथरोगांचा कायदा २०२० सालीही वापरला गेला. प्लेग आला, रँडच्या हाताखाली गोरे सोजीर घराघरांत शिरून झडत्या घेऊ लागले, काखेत आणि जांघेत गाठ आहे का ते तपासू लागले. लोकांनी आजारी माणसं लपवली, कारण गाठ सापडली की माणूस छावणीत, घरातलं सामान रस्त्यावर, आणि परत येण्याची शाश्वती नाही. २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. कोरियानं आपल्या जुन्या जोसॉन राजवटीच्या काळात झॉम्बी नेऊन ‘किंगडम’ ही मालिका केली आणि ती जगानं बघितली. आपल्याकडे झडती, लपवाछपवी, छावणी, परका सत्ताधीश हे सगळं घडून गेलेलं आहे, मोडी आणि देवनागरीत लिहून ठेवलेलं आहे, आणि आपण ड्रोन उडवतोय.

मात्र तिकडे जाणाऱ्याला एका अडचणीचा विचार करावा लागेल. झॉम्बीपटात शुश्रूषा करणारा मूर्ख ठरतो. हेलन कूपर मुलीच्या उशाशी बसते आणि मरते, सेलिना विचार न करता कोयता चालवते आणि जगते. आपल्या प्लेगच्या आठवणीत उलटं आहे. त्याच साथीत, मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाई फुल्यांनी पाठीवर घेऊन आपल्या दत्तक मुलाच्या, डॉ. यशवंतरावांच्या दवाखान्यात पोचवलं आणि १० मार्च १८९७ ला त्या स्वतः प्लेगनं गेल्या. त्यांना झॉम्बीपटात पात्र करा असं मी चुकूनही म्हणत नाही. ज्या साथीत खरी माणसं गेली, तिच्यातल्या रुग्णांना मुडदे करायचं का, यावरही भांडण व्हायला हवं आणि ते तुम्ही पटकथेच्या आधीच करून घ्या. पण जवळ जाणाऱ्या माणसाला मूर्ख न ठरवता, आणि त्याला शेवटी वाचवूनही न टाकता, झॉम्बीपट लिहिता येतो का? हा एक संकेत मोडलेला मला बघायला आवडेल. अशी बाई लिहा जिला चावा दिसतोय, किती वेळ उरलाय ते माहीत आहे, आणि तरी ती सेफ्टी डोअर उघडून बाहेर येते. ती मरेल. तिला मरू द्या, आणि त्या काही मिनिटांत ती काय करते तेवढं नीट लिहा.

निर्मात्यांसाठी दोन ओळी. शेवट गोड नसेल तर कुटुंब थिएटरात येत नाही, हे तुमचं वाक्य मला पाठ आहे. ‘ट्रेन टू बुसान’मध्ये बाप मरतो, तरी तो आपल्याकडे घराघरांत पाहिला गेला, डब करून पाहिला गेला. लोक रडले आणि दुसऱ्यांना बघायला सांगत सुटले. तेव्हा लेखकानं नायक मारला तर त्याला कुपी आणायला पाठवू नका.

पुढचा खर्डा पाठवताना सोबत एक साधं कोष्टक जोडा, मला वाचायला सोपं जाईल: कुणाला, कुठल्या पानावर, कुठे चावलं, कुणी पाहिलं, कुणापासून लपवलं आणि उठायला किती वेळ लागला. शेवटचा रकाना सगळ्यांचा सारखा आला तर पहिला चहा माझ्याकडून.

कळावे, लोभ असावा.

आपली,
मुसळ पडलेल्या जोशीकाकांच्या बाजूची एक वाचक